किल्लीफिशचं अंडं मधेच थांबतं, ते कोणाच्या सांगण्यावरून?

पाणथळ

गेल्या दिवाळीत माझ्या नोथोब्रँकियस जातीच्या किल्लीफिशच्या जोडीने पीटमध्ये (कुजलेल्या शेवाळाच्या भुसभुशीत मातीत) अंडी घातली. पीट पिळून ओलसर ठेवलं आणि दोन पिशव्यांत भरलं. एक पिशवी कपाटात, जुन्या वह्यांच्या मागे. दुसरीला जागा उरली नाही म्हणून ती फ्रिजच्या डोक्यावर, जिथे मागची ऊब येते. दीड-दोन महिन्यांनी भिंग लावून पाहिलं. फ्रिजवरच्या अंड्यांत काळेभोर डोळे दिसत होते, कडेला सोनेरी कड. कपाटातली बहुतेक अंडी अजून काचेसारखी स्वच्छ, आत एक बारीक रेघ. आई-बाप तेच, आठवडा तोच.

ज्यांना हे मासे माहीत नाहीत त्यांच्यासाठी: आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत पावसाळी डबक्यांत राहणारे हे वार्षिक मासे. डबकं आटलं की सगळे मोठे मासे मरतात. चिखलात उरतात फक्त अंडी. पुढचा पाऊस आला की त्यातून पिल्लं बाहेर. मोझांबिकमधल्या डबक्यांत टर्कॉइज किल्लीफिश अंड्यातून बाहेर आल्यावर अवघ्या १४ दिवसांत वयात येतो, असं २०१८ साली प्रसिद्ध झालंय. घाई आहेच त्यांना.

मधल्या कोरड्या काळात अंड्यात भ्रूण वाढायचा थांबतो. जॉन वुर्म्स यांनी १९७२ मध्ये याचे तीन थांबे सांगितले. पहिला अगदी सुरुवातीला. या माशांत एक विचित्र गोष्ट होते: जत्रा पांगावी तशा भ्रूणाच्या पेशी बलकावर पांगतात आणि नंतर पुन्हा एका जागी गोळा होतात, मग तिथे शरीराची रेघ उमटते. पहिला थांबा त्या पांगलेल्या अवस्थेत. तिसरा अगदी शेवटी, पिल्लू तयार होऊन अंड्यात वेटोळं घालून बसलेलं असतं तेव्हा. सगळ्यात मजेशीर दुसरा. मणक्याच्या बाजूच्या खंडांच्या ३८-४० जोड्या झालेल्या, हृदयाची नळी तयार, पण बाकी अवयव अजून कच्चे. इथे येऊन काही भ्रूण महिनोन् महिने थांबतात आणि काही थांबतच नाहीत.

एसटीच्या भाषेत दुसरा थांबा हा विनंती थांबा आहे. माझा प्रश्न साधा होता: विनंती कोण करतं? वाचत गेलो तर उत्तर भलतंच निघालं.

व्हेनेझुएलाच्या मराकाइबो खोऱ्यात ऑस्ट्रोफुंडुलस लिम्नियस नावाचा वार्षिक किल्लीफिश आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीत जेसन पॉड्राबस्की यांची प्रयोगशाळा वर्षानुवर्षं याच माशावर काम करतेय. त्याची अंडी २० अंश सेल्सियसला ठेवली तर भ्रूण दुसऱ्या थांब्यावर थांबतात. ३० अंशाला ठेवली तर न थांबता पुढे जातात. म्हणजे तापमान विनंती करतं, असं आपण म्हणू. पण तापमानाचा निरोप पेशीला कळणार कसा? भ्रूणाला तेव्हा धड मेंदू नाही, डोळे नाहीत.

रॉम्नी, पॉड्राबस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'पीएनएएस' या शोधपत्रिकेत दाखवलं की हा निरोप्या म्हणजे व्हिटॅमिन डी. दोन्ही तापमानांच्या भ्रूणांत कोणती जनुकं चालू आहेत ते त्यांनी मोजलं. व्हिटॅमिन डी तयार करणारी आणि त्याचा निरोप वाचणारी जनुकं दोन्ही वाटांवर वेगवेगळी वागत होती. मग त्यांनी २० अंशातल्या अंड्यांना व्हिटॅमिन डीसारखी रसायनं दिली. जे थांबायला हवे होते ते भ्रूण थांबले नाहीत, सरळ वाढत गेले. उलट, व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप तयार होण्याची वाट औषधाने अडवली, तर भ्रूण सुप्तावस्थेत गेले.

मला यातली खरी गंमत अशी वाटते की आपण कायम विचारतो, भ्रूणाला थांबवतं कोण. इथे असं दिसतं की 'चल' म्हणणारा संप्रेरक असेल तर गाडी पुढे जाते, नसेल तर थांबते. थांबणं हाच मूळ स्वभाव असल्यासारखं. आणि दुसरं म्हणजे, थांब्यावर पोचेपर्यंत निर्णय झालेला असतो. थांबणाऱ्या आणि न थांबणाऱ्या भ्रूणांची ठेवण आधीपासूनच वेगळी असते. न थांबणाऱ्याचं डोकं रुंद, हृदय लवकर कामाला लागतं. थांबणाऱ्याचं धड लांबतं पण डोकं मागे राहतं. म्हणजे ही एकच गाडी वाटेत थांबली असं नाही. 'विनाथांबा' ही पाटी डेपोतच लागलेली असते.

कोणाकडे वार्षिक किल्लीफिश असतील तर अनुभव लिहा. कपाटातली पिशवी मी अजून भिजवलेली नाही.

---

तिरकस

म्हणजे डॉक्टरांनी मला दर आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी दुधातून घ्यायला सांगितलीय ती यासाठी होय! घेतोय तीन महिने. सकाळी उठायच्या बाबतीत मात्र मी अजून दुसऱ्या थांब्यावरच आहे.

बाकी लेख झकास. पण व्हिटॅमिनला संप्रेरक का म्हणताय? व्हिटॅमिन ते व्हिटॅमिन.

---

पाणथळ

@तिरकस, नावापुरतंच व्हिटॅमिन हो ते. व्हिटॅमिन म्हणजे जे शरीराला बनवता येत नाही, बाहेरून घ्यावं लागतं. हे तर आपण स्वतः बनवतो. कातडीत ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल असतं, त्यावर ऊन पडलं की डी३ होतं. मग यकृत त्याला एक रासायनिक टोपी घालतं, मूत्रपिंड दुसरी. दोन टोप्या चढल्या की ते कामाचं होतं, रक्तातून फिरतं, पेशीत शिरतं आणि तिथल्या रिसेप्टरला (निरोप ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटून जनुकं चालू-बंद करतं. यालाच संप्रेरक म्हणतात. कोलेस्टेरॉलच्याच घराण्यातलं, इस्ट्रोजेन-टेस्टोस्टेरॉनचं चुलत भावंड.

किल्लीफिशच्या प्रयोगात अडवली ती यकृतात जी चढते तिच्यासारखी टोपी. कच्चा माल बलकात असला तरी उपयोग नाही, कारण रिसेप्टर टोप्या घातलेल्यालाच ओळखतो.

---

अनुस्वार

लेख आवडला पण एक शंका आहे, आणि ती बारीक नाही. औषध टाकलं आणि भ्रूण थांबला, यात काय सिद्ध झालं? भ्रूणाच्या पाण्यात विष टाकलं तरी तो थांबेल. मी टाकीत चुकून ब्लीच टाकलं तर गप्पीही 'सुप्तावस्थेत' जातील, कायमचे.

(आणि 'थांबणं हाच मूळ स्वभाव' हे वाक्य जरा सैल आहे. एका प्रयोगावरून स्वभाव ठरवू नये.)

---

पाणथळ

@अनुस्वार, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. म्हणूनच मला तो प्रयोग दोन्ही बाजूंनी केलाय हे महत्त्वाचं वाटतं. काढून घेतल्यावर थांबला, हे विषाने होऊ शकतं, मान्य. पण २० अंशाला, जिथे तो हमखास थांबतो, तिथे संप्रेरक दिल्यावर तो पुढे गेला. विष दिल्याने कोणी वेगाने आणि नीट वाढत नाही. देऊन चालतो, काढून थांबतो. दोन्हीकडून तीच कळ हलते.

आणखी एक. त्यांनी तीच वाट झेब्राफिशमध्येही अडवली. झेब्राफिश आपल्याकडचाच, ओढ्या-नाल्यांतला पट्टेरी मासा, त्याला सुप्तावस्था वगैरे काही माहीत नाही. दोन-तीन दिवसांत अंड्यातून बाहेर. त्याचे भ्रूणही सुप्तावस्थेसारख्या स्थितीत गेले. 'सारख्या' हा शब्द मुद्दाम लिहितोय, नाहीतर तुम्ही परत धराल. यातून इतकं तरी कळतं की पुढे वाढायला हा निरोप लागणं ही किल्लीफिशची एकट्याची भानगड नाही. किल्लीफिशने त्यावर तापमानाचा खटका बसवला.

हे संशोधक व्हिटॅमिन डीकडे वळले त्यामागे एक जंत आहे. सी. एलिगन्स नावाचा मिलिमीटरभर लांबीचा, मातीत सापडणारा गोल जंत. अन्न तुटपुंजं झालं, गर्दी झाली, की त्याची अळी 'डॉअर' नावाच्या चिवट अवस्थेत जाते आणि महिनोन् महिने तग धरते. परिस्थिती बरी असेल तर तिच्या शरीरात डॅफाक्रोनिक आम्ल बनतं. ते डॅफ-१२ नावाच्या रिसेप्टरला चिकटलं की अळी सरळ वाढते. नाही चिकटलं की डॉअर. हा डॅफ-१२ आपल्या व्हिटॅमिन डीच्या रिसेप्टरचा दूरचा भाऊबंद. आणि आता ऐका: जंताचं हे डॅफाक्रोनिक आम्ल किल्लीफिशच्या अंड्यांना दिलं, तर त्यांतले भ्रूणही थांबले नाहीत! जंताची किल्ली माशाच्या कुलपाला लागली. हे वाचून मी रात्री साडेअकराला बायकोला उठवून सांगितलं. तिची प्रतिक्रिया इथे देत नाही.

'स्वभाव' शब्द मागे घेतो. 'निरोप न आल्यास थांबणे' असं वाचा.

---

मृगधारा

मी शेतकरी घरातली, मासे फक्त ताटात ओळखते. पण हे वाचताना मला आमच्याकडची दुबार पेरणी आठवली. मृगाचा पाऊस झाला की सगळे पेरायला धावतात. मग पंधरा दिवस उघडीप. उगवलेलं करपतं, बियाण्याचे पैसे गेले, पुन्हा पेरा. माझे आजोबा पहिल्या पावसाला सगळं रान कधीच पेरायचे नाहीत. एक तुकडा राखून ठेवायचे. लोक हसायचे.

माशाने सगळी अंडी एकदम उबवली आणि तो पाऊस फसवा निघाला तर? म्हणून काही थांबतात, काही नाही. असंच ना?

---

पाणथळ

@मृगधारा, तंतोतंत. तुमच्या आजोबांना माझा नमस्कार.

तीन थांबे असल्यामुळे एकाच चिखलात एकाच वेळी सगळ्या टप्प्यांवरची अंडी असतात. किल्लीफिश पाळणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत असतं: पीट भिजवलं, पिल्लं काढून घेतली, तरी ते पीट फेकत नाहीत. पुन्हा वाळवतात, काही आठवड्यांनी पुन्हा भिजवतात. दुसऱ्या वेळी आणखी निघतात, कधी तिसऱ्या वेळीही.

---

सडाफटिंग

माझी एक भर. कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात जी उथळ डबकी भरतात, त्यांत फेअरी श्रिंप दिसतात. पारदर्शक, उलटे पोहतात, पाठ खाली. आठ महिने तिथे तापलेला जांभा असतो, पायाला चटके बसतात, आणि जूनमध्ये परत हजर! त्यांची अंडीही अशीच कोरडी पडून राहतात.

पण मग आमच्याकडे असा मासा का नाही? आणि पहिल्या पावसात कुठून कुठून मासे येतात, लोक म्हणतात आभाळातून पडले, ती काय भानगड? ती अंडी नव्हेत?

---

पाणथळ

@सडाफटिंग, आयडी फार समर्पक घेतलाय तुम्ही.

पहिल्या पावसात शेतात येतात ते चढणीचे मासे. ओहोळ वाहता झाला की नदीतून उलटे वर चढतात, अंडी घालायला. मरळ, मागूर यांना हवेतून श्वास घेता येतो, ओल्या जमिनीवरून थोडं सरकताही येतं. सगळे मोठे, जिवंत मासे. अंड्यांतून एका रात्रीत वीतभर मासा होत नाही.

किल्लीफिशच्या नात्यातले आपल्याकडेही आहेत. विहिरीत, भातखाचरात वरवर फिरणारा, डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला अप्लोकायलस बघितला असेलच. पण तो वार्षिक नाही. अंडी पाणवनस्पतीला चिकटवतो, ती काही दिवसांत फुटतात.

---

कोष_जालना

मी रेशीमशेती करतो, तुतीचे दोन एकर. हे वाचून म्हटलं हे तर आमचंच! रेशमाच्या अळीची दुबार जातीची (वर्षाला दोन पिढ्या होणारी) अंडी अशीच झोपतात. अंडीपुंज केंद्रात त्यांना मुद्दाम उठवावं लागतं. अंडी घातल्यावर सुमारे २० तासांनी हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवतात, नाहीतर शीतगृहात ठेवून नंतर काढतात. नाही केलं तर पुढच्या वसंतापर्यंत फुटणार नाहीत. आम्हाला चॉकी झालेल्या (सुरुवातीचे दिवस वाढवून दिलेल्या) अळ्या मिळतात म्हणून हे सगळं मागच्या मागे होतं, पण प्रशिक्षणात दाखवलं होतं.

यात एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. अंडं झोपणार की नाही हे त्या अंड्यावर नसतं. त्याची आई स्वतः अंड्यात असताना तिला जे हवामान मिळालं त्यावर असतं. २५ अंश आणि उजेड मिळालेल्या अंड्यातली मादी मोठी होऊन झोपणारी अंडी घालते. १५ अंश आणि अंधार मिळाला असेल तर न झोपणारी. आईच्या मेंदूखालच्या गाठीतून एक संप्रेरक सुटतं, ते तिच्या पोटातल्या अंड्यांवर काम करतं.

---

अनुस्वार

@कोष_जालना, हा प्रतिसाद मूळ लेखाइतकाच ऐवजदार आहे.

आणि गंमत पाहा, दिशा उलटी आहे. माशात ऊब मिळाली की चालू लागतो, किड्यात आईला ऊब मिळाली की मूल थांबतं. अर्थात किड्याला ऊब म्हणजे 'उन्हाळा चाललाय, पुढे थंडी येतेय' असा निरोप. एकाच आकड्याचा अर्थ ज्याच्या त्याच्या पंचांगाप्रमाणे.

@पाणथळ, मग माशाच्या आईचा काहीच हात नाही का?

---

पाणथळ

आहे, आणि बराच आहे. लिम्नियसमध्ये वयाने लहान मादीची अंडी न थांबता पुढे जाण्याकडे जास्त झुकतात, वयस्क मादीची थांबण्याकडे. पॉड्राबस्की यांच्याच गटाने २०१० मध्ये हे तापमानाबरोबर मांडून दाखवलंय. आता विचार करा, मादी तरुण आहे म्हणजे डबकं नुकतंच भरलंय, हंगाम शिल्लक आहे. त्याच हंगामात आणखी एक पिढी निघाली तर निघाली. मादी वयस्क झाली म्हणजे पाणी उतरणीला लागलंय. आईचं वय हेच एक कॅलेंडर. (हा शेवटचा तर्क माझा, संशोधकांच्या गळ्यात घालू नका.)

आई हे सांगते कसं? इथे दुसरा संप्रेरक येतो, इन्सुलिनसारखा वाढीचा घटक, आयजीएफ. २०१७ च्या शोधनिबंधात त्याचे दोन प्रकार मोजलेत. आयजीएफ-२ हा आई अंड्यातच भरून देते, आणि न थांबणाऱ्या अंड्यांत तो जास्त भरलेला असतो. शिदोरी म्हणा. आयजीएफ-१ भ्रूण पुढे स्वतः बनवतो. न थांबणाऱ्यांत तो सुरुवातीलाच एकदम उसळतो, थांबणाऱ्यांत खालीच राहतो. आयजीएफचा रिसेप्टर औषधाने बंद केला, तर न थांबणारा भ्रूण हुबेहूब थांबणाऱ्यासारखा दिसायला लागतो.

तर आईची शिदोरी, वाढीचा घटक आणि व्हिटॅमिन डी, असे तीन हात एकाच दोरीवर दिसतात. लेखात मी व्हिटॅमिन डीला एकट्यालाच निरोप्या म्हटलं ती घाई झाली.

---

वाचनमात्र

पाच वर्षं नुसतं वाचतोय, आज पहिला प्रतिसाद. इतका काळ थांबलेला मासा नंतर लवकर मरतो का? म्हणजे आयुष्यातून तेवढे महिने कापले जातात का? आणि थांबला असताना तो खरंच बंद असतो की नुसता हळू?

---

पाणथळ

@वाचनमात्र, तुमचीही सुप्तावस्था मोडली म्हणायची!

पहिला प्रश्न स्टॅनफर्डमधल्या ॲन ब्रुने यांच्या गटाने टर्कॉइज किल्लीफिशवर विचारला आणि २०२० मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत उत्तर दिलं. आयुष्य कापलं जात नाही. वाढ, पिल्लं होण्याची क्षमता, आयुर्मान, कशातच तोटा दिसला नाही. हा मासा बाहेर आल्यावर टाकीत जेमतेम चार-सहा महिने जगतो, पण अंड्यात त्याहून जास्त काळ थांबू शकतो. माणसाच्या हिशोबात मांडलं तर कोणी शंभर वर्षं गर्भात काढून मग जन्मतारखेपासून मोजायला सुरुवात करावी.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. लिम्नियसमध्ये थांबलेल्या भ्रूणात प्रथिनं बनण्याचा वेग ९३ टक्क्यांनी उतरतो. हृदयाचे ठोके अगदी मंदावतात. पेशींचं विभाजन थांबतं. ऑक्सिजन पूर्ण काढून घेतला तरी २५ अंशाला यातले निम्मे भ्रूण दोन महिन्यांच्या आसपास जिवंत राहतात. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात हे जवळजवळ न ऐकलेलं आहे. तरीही 'बंद' म्हणता येत नाही. ब्रुने यांच्या गटाला दिसलं की काही जनुकं थांबलेल्या काळात उलट जास्त चालू होतात, विशेषतः पॉलिकोम्ब नावाच्या प्रथिनांची. ती स्नायूंची आणि चयापचयाची जनुकं दाबून धरतात. दुकानाचं शटर खाली आहे, पण आत कोणीतरी ते ओढून धरून बसलंय.

---

तिरकस

अवांतर: 'जंताची किल्ली माशाच्या कुलपाला' वाचून उशिरा ट्यूब पेटली. किल्लीफिश म्हणजे किल्लीवाला मासा असं मी लहानपणापासून समजत होतो. इंग्रजीतला 'मारणे' म्हणजे किल असेल तर मासे पाळायची हिंमत होणार नाही.

---

पाणथळ

दोन्ही नाही! 'किल' हा डच शब्द, अर्थ ओहोळ किंवा खाडीचा फाटा. ओहोळातला मासा. पण तुमचं लहानपणीचं नाव जास्त बरोबर होतं असं मला आता वाटायला लागलंय.

---

पाणथळ

धागा वर काढतोय, कारण काल कपाटातली पिशवी भिजवली. भिजवण्याआधी तीन आठवडे ती फ्रिजवर हलवली होती, डोळे आल्याशिवाय पाणी घालण्यात अर्थ नसतो. थंड पाणी, दोन बोटं खोल, वरून टॉर्च. पहिल्या तासात काही नाही. तिसऱ्या तासाला पहिलं पिल्लू, पापणीच्या केसाएवढं. रात्री झोपेपर्यंत अकरा मोजली. त्यातली दोन तळाशीच सरपटतायत, हवेची पिशवी भरली नसावी, ती जगणार नाहीत. बाकीची नऊ सकाळी ब्राइन श्रिंपची पिल्लं खाऊन पोटं नारिंगी करून बसली.

उरलेलं पीट गाळून पुन्हा पिशवीत भरत होतो तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "झालं ना त्याचं काम? तुळशीला घालते." अजून त्यात पंधरा-वीस अंडी काचेसारखी स्वच्छ आहेत म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पिशवी उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि स्वतःच वह्यांच्या मागे नेऊन ठेवली. वर चिठ्ठी लावलीय: 'टाकू नये. जिवंत आहे.'